हाइझमन २०२४: हंटर की जेंटी?

२०२४चा हाइझमन करंडक, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, कोलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाला. अन्याय झाला म्हणून ओरड करावी, असा काही तो निकाल नव्हता. पण मतदानात हंटरचे गुण २,२३१ आणि बॉयसी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटीचे (चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक) २,०१७, म्हणजे मत देणाऱ्यांमध्येही एकमत नव्हतंच. २००९ साली मार्क इंग्रमने टोबी गेरहार्टला २८ गुणांनी मागे टाकलं होतं, त्यानंतर इतकी चुरस झालेली नाही. मी कोलोराडोत राहतो. त्या मोसमात ऑफिसात, शेजारीपाजारी, सगळीकडे हंटरचंच नाव. तरी नोव्हेंबर संपेपर्यंत माझं मन जेंटीकडे झुकलं होतं. तुमचं अजून ठरत नसेल, तर माझं कसं ठरलं ते सांगतो.

हंटरची बाजू आधी मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे. १९९७चा विजेता चार्ल्स वुडसन मुख्यतः कॉर्नरबॅक (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांना अडवणारा बचावपटू) होता, आक्रमणात अधूनमधून उतरायचा. हंटर दोन्हीकडे पूर्ण वेळ खेळला. एकाच वर्षी सर्वोत्तम रिसीव्हरचा, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याचा, बिलेटनिकॉफ आणि सर्वोत्तम बचावपटूचा बेडनारिक, हे दोन्ही पुरस्कार त्याने नेले. बेलरविरुद्ध जादा वेळेत, अगदी गोललाइनवर, त्याने समोरच्याच्या हातातला चेंडू उडवला आणि सामना तिथेच संपला. आदल्या वर्षी ४-८ (चार विजय, आठ पराभव) अशा अवस्थेत असलेला संघ ९-३वर आला, त्यात त्याचा वाटा फार मोठा.

बोल्डरला, कोलोराडोच्या घरच्या स्टेडियममध्ये बसून त्याला पाहिलं की टीव्हीवर न दिसणारी एक गोष्ट कळते. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे कॉर्नरबॅक चौकटीबाहेर राहतो. वर गॅलरीतून मात्र दिसतं की समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, हंटरच्या बाजूला बघायचंही टाळतो. अर्धं मैदान बंद करणं, ही फार मोठी कामगिरी आहे. आकड्यांत ती मावत नाही.

आणि मला खटकलं तेही नेमकं इथेच. अर्धं मैदान बंद केलं, की प्रतिस्पर्धी उरलेल्या अर्ध्यात खेळतो. २३ नोव्हेंबरला कॅन्ससने तेच केलं. चेंडू डेव्हिन नीलच्या हातात द्यायचा आणि पळवायचा, पुन्हा द्यायचा, पुन्हा पळवायचा. नीलने २०७ यार्ड धावून काढले. हंटरने आक्रमणात आपलं काम चोख केलं होतं, १२५ यार्ड आणि दोन टचडाउन (चेंडू गोललाइनपार नेणं). पण कोलोराडो ३७-२१ने हरलं आणि बिग ट्वेल्व्ह या त्यांच्या कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटाच्या) अंतिम सामन्याची वाट तिथेच अवघड होऊन बसली. यात हंटरचा दोष नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण देशातला सर्वांत थोर खेळाडू मैदानावर हजर आहे आणि सामना त्याला वळसा घालून निघून जातोय, हे बघताना जीव कासावीस झाला. तो जवळजवळ प्रत्येक डावाला मैदानात असायचा, म्हणून करंडक त्याचाच, हे मग मला पटेना.

जेंटीला वळसा घालायची सोयच नव्हती. चेंडू त्याच्याकडेच जाणार हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक, समालोचकांना ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक. चेंडू सुटण्याआधी तो ताठ उभा राहायचा, हात बाजूला सोडून, जणू कसली घाईच नाही. मग पहिला टॅकल करणारा निसटायचा, बहुतेक वेळा दुसराही. मतदानापर्यंतच्या १३ सामन्यांत २,४९७ यार्ड आणि २९ टचडाउन. एकाही सामन्यात तो शंभरच्या खाली आला नाही. पोर्टलंड स्टेट, युटा स्टेट यांच्याविरुद्ध सामना हातात आल्यावर त्याला उत्तरार्धात बसवून ठेवलं होतं, तेव्हाही नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: माउंटन वेस्ट या बॉयसीच्या कॉन्फरन्समधले प्रतिस्पर्धी दुबळे. काही अंशी खरं आहे, आणि ज्याला हा मुद्दा निर्णायक वाटतो त्याने हंटरला निवडावं. माझी एवढीच विनंती आहे की त्याने ७ सप्टेंबरचा ओरेगनचा सामना पाहावा. मतदान झालं तेव्हा ओरेगन त्या मोसमात एकदाही हरलेलं नव्हतं. त्यांच्याच मैदानावर जेंटीने १९२ यार्ड आणि तीन टचडाउन काढले, आणि बॉयसी स्टेट अगदी शेवटच्या फील्ड गोलवर ३७-३४ने हरलं. नियमित मोसमात सर्वांत कठीण परीक्षा तीच होती.

शिवाय सोबतीला कोण होतं, तेही पाहायला हवं. हंटरकडे चेंडू फेकायला शेडूर सँडर्स होता, देशातल्या उत्तम क्वार्टरबॅकपैकी एक. बॉयसीचं सगळं ओझं जेंटीच्या पायांवर. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात युएनएलव्हीविरुद्ध त्याने २०९ यार्ड काढले आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, गेला.

प्लेऑफमध्ये पेन स्टेटने त्याला १०४ यार्डांवर रोखलं आणि बॅरी सँडर्सचा १९८८चा, एका मोसमात २,६२८ यार्ड धावण्याचा विक्रम २७ यार्डांनी राहिला. हा सामना बरेच जण जेंटीच्या विरोधात काढतात. पण तो ३१ डिसेंबरचा, आणि करंडक १४ तारखेलाच दिला गेला होता. तो धरायचा असेल, तर कोलोराडोने करंडकानंतरच बीवाययूकडून ३६-१४ खाल्लेला मारही धरावा लागेल. मी दोन्ही बाजूला ठेवतो.

माझ्या हातात मतपत्रिका असती तर पहिलं नाव जेंटीचं, दुसरं हंटरचं. तिसऱ्या जागी मतदारांनी ओरेगनच्या डिलन गेब्रियलला पसंती दिली. मी मायामीचा कॅम वॉर्ड लिहिला असता, पण त्यावर माझा फारसा आग्रह नाही.