साडेतीन तासांचा, मुंबईचा की इंग्रजी? रविवारच्या पिक्चरचं भांडण

रविवारी तांबडा-पांढरा ओरपून झाला की आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी सतरंजी पडते आणि पिक्चर कुठला यावरून जुंपते. आईला कुटुंबाची गोष्ट हवी, दाजींना गाणी, धाकट्याला 'लई लांबड नको'. अनेक जोड्यांचा प्रेमाचा पिक्चर लावला की प्रत्येकाला आपापली जोडी मिळते, म्हणून आम्ही तीन रविवारी असे तीन पिक्चर पाहिले: 'सलाम-ए-इश्क', 'लव्ह अ‍ॅक्च्युअली' आणि 'लाइफ इन अ मेट्रो'. तुम्हाला एकच लावायचा असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडावा.

निखिल अडवाणींचा 'सलाम-ए-इश्क' (२००७) सहा जोड्यांचा, साडेतीन तासांहून मोठा. हिशेबाने जोडीला पस्तीसेक मिनिटं येतात, तरी सलमान-प्रियांकाचा गोंगाट बाकीच्यांना बोलूच देत नाही. गोविंदाचा टॅक्सीवाला तेवढा गोड. मध्येच उठून भांडी घासून आलं तरी काही चुकत नाही, ही सोय समजा नाहीतर खोट.

रिचर्ड कर्टिस यांच्या 'लव्ह अ‍ॅक्च्युअली'त (२००३) गोष्टी नऊ-दहा आणि वेळ सव्वादोन तास. म्हणजे एकेकीच्या वाट्याला जेमतेम चौदा मिनिटं. मित्राच्या बायकोला पाट्या दाखवून प्रेम सांगणाऱ्यावर आमच्यात दोन तट पडले. वहिनी विरघळली, दाजी म्हणाले, "मित्र कसला ह्यो!"

गंमत म्हणजे भरकटलेला नवरा तिन्हीत आहे. 'सलाम'मध्ये अनिल कपूर, आणि त्याची बायको जुही चावला. तिथे सगळं गोडात मिटतं. इंग्रजीत एमा थॉम्पसनला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात हार सापडतो आणि नाताळची भेट म्हणून हातात पडते गाण्यांची सीडी. ती आतल्या खोलीत जाऊन रडते, पलंगावरची चादर नीट करते आणि हसत बाहेर येते. आईला इंग्रजी येत नाही, खालची अक्षरं वाचेपर्यंत पुढचं दृश्य येतं. पण चादरीवरून हात फिरला तशी म्हणाली, "ही आपल्यातलीच हाय."

अनुराग बसूंचा 'लाइफ इन अ मेट्रो' (२००७) मात्र तिथे थांबत नाही. के के मेननचा नवरा स्वतःचं लफडं कबूल करून मोकळा होतो, आणि शिल्पा शेट्टीने आपलं मन उघड केलं की भडकतो. दाजी एकदम गप्प. हा पिक्चर घट्ट वाटतो कारण माणसं एकमेकांत अडकलेली आहेत. शर्मन जोशीच्या ज्या फ्लॅटची किल्ली त्याचा साहेब, म्हणजे हाच नवरा, नेतो, तिथे तो शर्मनला आवडणाऱ्या मुलीलाच घेऊन येतो. ही युक्ती 'द अपार्टमेंट' (१९६०) या जुन्या इंग्रजी पिक्चरची, पण मुंबईत जागेची मारामार अशी की ती उसनी वाटत नाही. प्रीतमचा बँड रस्त्यातच उभा राहून गातो, म्हणून गाण्याला कुणी उठत नाही. आणि इरफान! त्याला घोड्यावर बघून धाकट्याने शिट्टीच मारली.

तर पाहुणे भरपूर असतील, गप्पा चालूच राहणार असतील, तर 'सलाम' लावा. नवरा-बायको दोघंच असाल तर 'मेट्रो', पण दुसऱ्या दिवशी सुट्टी असलेली बरी, बोलणं लांबतं. आणि 'लव्ह अ‍ॅक्च्युअली' आईबरोबर बघायचा तर रिमोट हातात ठेवा. शूटिंगच्या जागी कपड्यांविना भेटणारी एक जोडी त्यात आहे. आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्या वेळी सगळ्यांनाच एकदम पाणी प्यायला उठावं लागलं.