स्ट्रीट फायटर ६: 'मॉडर्न' कंट्रोल आठ महिने वापरल्यावर

सांगलीत विश्रामबागेतल्या गेमिंग झोनमध्ये हा मारामारीचा गेम आठ महिने रोज चालतोय. त्यात बटणांची मांडणी निवडता येते: जुनी 'क्लासिक' किंवा सोपी 'मॉडर्न'. एका पॅडवर फायटिंग गेम कधी हातात न धरलेली कॉलेजची पोरं, दुसऱ्यावर पार्लरमध्ये नाणी टाकून 'किंग ऑफ फायटर्स ९७' घोटलेले चाळिशीतले. दोघांनाही मजा यायला हवी, आणि बहुतेक वेळा येते.

'क्लासिक'मध्ये हल्ल्याची सहा बटणं. र्‍यू या पात्राचा शोर्युकेन (वर उसळून मारलेला ठोसा, त्याच्या 'स्पेशल' म्हणजे खास हल्ल्यांपैकी एक) काढायचा तर पुढे, खाली, खाली-पुढे तिरकं आणि मग ठोसा. 'मॉडर्न'मध्ये प्लेस्टेशनच्या पॅडवर पुढे दाबून त्रिकोण, झालं. जुने खेळाडू इथंच भडकतात. पण या सोयीची किंमत मोजावी लागते: एका बटणावर काढलेल्या स्पेशलचा मार २० टक्के कमी, हलका-मध्यम-जड निवडता येत नाही, आणि काही साध्या लाथा-ठोसे मिळतच नाहीत.

तरी त्यांची एक तक्रार रास्त आहे. तुम्ही उडी मारलीत की समोरच्या मॉडर्नवाल्याला ती फक्त दिसायला हवी, एका बटणावर शोर्युकेन निघतो. बोट फिरवण्यात जाणारा वेळ त्याचा वाचतो. त्यामुळं मॉडर्नसमोर उगाच उड्या मारू नका. त्याच्या लाथेच्या जरा बाहेर उभे राहा, शोर्युकेन काढायला लावा, ब्लॉक करा. तो हवेतून खाली येईपर्यंत उघडा असतो, तेव्हा पूर्ण कॉम्बो (सलग जोडलेले फटके) घाला.

सगळ्यात आवडलेली गोष्ट: मॉडर्नमध्येही बोट फिरवून स्पेशल निघतो. खाली, तिरकं, पुढे आणि हल्ल्याचं बटण दाबलं की हाडुकेनचा (हातातून सुटणाऱ्या गोळ्याचा) मार पूर्ण लागतो, जोरही निवडता येतो. म्हणजे नवख्याला एकदम क्लासिकवर उडी घ्यायची गरज नाही. आधी एकच हाडुकेन हातानं काढायचा, दोन्ही बाजूंनी दहापैकी आठ वेळा निघाला की पुढचा.

घोटाळा होतो तो पॅडच्या मागच्या आर२ बटणामुळं. ते धरून एकच बटण बडवलं की कॉम्बो आपोआप लागतो, म्हणून पोरं ते सोडतच नाहीत. पण काही कॉम्बो ड्राइव्हच्या (खास चालींसाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या) सहा पट्ट्यांपैकी काही खातात, काही सुपरची (सगळ्यात मोठ्या हल्ल्याची) पट्टीही. ड्राइव्ह पूर्ण संपली की बर्नआउट, म्हणजे दमलेली अवस्था: स्पेशल ब्लॉक केला तरी रक्त जातं, आणि कोपऱ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट (ड्राइव्ह खर्चून मारलेला जोरदार धक्का) ब्लॉक केला तरी चक्कर येते. ट्रेनिंगमध्ये ड्राइव्ह आपोआप भरत राहिली तर हे कळतच नाही, ते सेटिंग आधी बदला. मग डमीला (सरावाच्या प्रतिस्पर्ध्याला) मधूनच ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला लावा. तो २६ फ्रेमचा (सेकंदाला ६० फ्रेम), म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत येतो. आपला इम्पॅक्ट उलटा मारायची सवय आठवडाभरात बसते.

'डायनॅमिक' हा तिसरा, आणखी सोपा कंट्रोल टाइप लहान मुलांपुरता ठीक, ऑनलाइन सामन्यात चालत नाही.

झोनवाल्यांनी एक पाळावं: पॅडवरचा माणूस बदलला की कॅरेक्टर निवडतानाच कंट्रोल टाइप बघा. आधीच्याचं मॉडर्न तसंच राहिलं, तर क्लासिकवाल्याची पहिली फेरी बटणं शोधण्यातच जाते.