एकट्या माणसाच्या घरात कोणता अलार्म आधी बसवावा?

मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि दांडिया बाजार, रावपुरा किंवा कारेलीबागेतल्या घरात आई किंवा बाबा एकटेच. बडोद्यात अशी मराठी घरं कमी नाहीत. अलार्म घ्यायला गेलं की दुकानदार गॅसचा, धुराचा आणि दाराचा असे तिन्ही काउंटरवर मांडतो आणि बोलणं किमतीवर येतं. त्याआधी एक ठरवा: हा वाजला तर घरातल्या एकट्या माणसानं काय करायचं?

गॅसचा अलार्म आणि दाराचा अलार्म, दोन्ही वाजल्यावर करायच्या गोष्टी अगदी उलट आहेत. गॅसचा वाजला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं. दाराचा वाजला तर खोलीला आतून कडी लावून तिथूनच ११२ लावायचा. मध्यरात्री झोपेतून दचकून उठलेल्या सत्तरीतल्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच वाटले, तर चोर शिरला असताना दार उघडलं जाईल. म्हणून दोन्ही घ्यायचे असतील तर आवाज दुकानातच वाजवून ऐका. वयानुसार बारीक, चिरका आवाज कमी ऐकू येतो, तेही तिथेच कळेल.

माझे पैसे आधी गॅसच्या अलार्मवर. पण इथे पाइपचा गॅस आहे की सिलिंडर, हे पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. त्याचा अलार्म छतापासून वीतभर खाली लागतो. सिलिंडरचा गॅस जड, तो फरशीलगत साचतो. तिथे अलार्म जमिनीपासून वीतभर वर हवा. सिलिंडर जाऊन पाइप आला आणि अलार्म मात्र ओट्याखालीच राहिला, तर तो असून नसल्यासारखा. शिवाय यातले बरेचसे थेट विजेवर चालतात, म्हणजे वीज गेली की मुके. इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. गॅस आपोआप बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचा जादा खर्च विसराळू माणसाच्या घरी मी बिनदिक्कत करीन.

डिओ, सॅनिटायझर किंवा स्पिरिटच्या वाफेनंही हा वाजतो. तरी ‘वास तर येत नाही’ म्हणून दुर्लक्ष नको. म्हातारपणी नाकही मंदावतं. विजेचा दिवा लावायचा नाही, लागलेला बंद करायचा नाही, एक्झॉस्ट फॅनला हात लावायचा नाही. शेगडीजवळची चावी बंद करून बाहेर यायचं आणि फोन बाहेरूनच करायचा. गॅसच्या बिलावरचा आपत्कालीन नंबर मोबाइलमध्ये आजच भरून ठेवा. सिलिंडर असेल तर १९०६.

दाराच्या सायरनबद्दल मी फारसा उत्साही नाही. वाऱ्यानं दार हललं, कामवाल्या बाईंनी सवयीनं उघडलं, की तो ओरडतो, आणि चार वेळा उगाच ओरडला की लोक बटणच बंद करून टाकतात. घरात माणूस असताना चांगली कडी, दाराला भिंग आणि साखळी जास्त कामाची. घ्यायचाच तर शेजाऱ्यांच्या फोनवरही सूचना देणारा घ्या. नवरात्रात गल्लीभर गरब्याचे स्पीकर चालू असताना नुसता सायरन कोण ऐकणार?

धुराचा अलार्म स्वयंपाकघरात नको. मिरचीची फोडणी पडली की सुरू. देवघरापासूनही लांब, झोपायच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा. मिनिटाभरानं एकदाच ‘टुक’ होत असेल तर आग नाही, बॅटरी संपत आली आहे. थंडीत सेलचा जोर उतरतो, म्हणून हे बहुधा पहाटे सुरू होतं आणि एकटं माणूस घाबरतं. दिवाळीच्या साफसफाईत सेल बदलून टाका.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मात्र हा सगळा क्रम बदलतो. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि वर सांगितलेला गॅसचा अलार्म तो ओळखत नाही. तिथे आधी गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत हलवा किंवा विजेचा घ्या, आणि मग अलार्मचं बघा.