मांडूचं दाल-पानिया: आधी ऑर्डर, मग जामी मशीद

पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या मांडूला निघालेली इंदूरची मराठी मंडळी बहुतेक पुऱ्या-भाजीचा डबा सोबत घेतात, नाहीतर परतताना धारला जेवतात. दोन्हींत मांडूची खरी चीज राहून जाते. गावातल्या बाजारात, जामी मशिदीपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, कौलारू छपराचं एक छोटं हॉटेल आहे. पुढे बाकडी, मागच्या अंगणात गोवऱ्यांची भट्टी. पाटीवर पनीरपासून नूडल्सपर्यंत सगळं लिहिलंय, पण इथे यायचं ते दाल-पानियासाठी.

पानिया म्हणजे मक्याच्या जाडसर पिठाची, पळसाच्या पानांत भाजलेली जाड भाकरी. पीठ रवाळच हवं. मैद्यासारखं बारीक दळलं तर आतून गिचका होतो. पिठात मीठ, ओवा आणि तुपाचं मोहन, आणि भिजवायला कोमट पाणी. मक्याला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून थापलेली चानकी उचलताना तुटते. इथे पळसाचं पान कामाला येतं: खाली एक पान, त्यावर पाऊण बोट जाडीचं थापलेलं पीठ, वरून दुसरं पान, आणि सगळं तसंच निखाऱ्यांवर. पान ओलं असेतोवर पानिया आत वाफेवर शिजतो. पान करपलं की मग भाजायला लागतो. राख पिठाला लागत नाही, ती पानावरच राहते.

वेळेचं गणित इथेच आहे. गोवऱ्या पूर्ण पेटून धूर थांबायला आणि वर पांढरी राख धरायला अर्धा तास, पानिये भाजायला साधारण तेवढाच. भट्टी आधीच लागलेली नसेल तर तास धरून चाला. म्हणून गावात पोचल्या पोचल्या आधी हॉटेलात जाऊन किती जणांचं ते सांगा, आणि मग समोरची जामी मशीद आणि तिच्या मागची माळव्याचा सुलतान होशंगशाहची संगमरवरी कबर निवांत बघा. दोन्ही पायी होतात, आणि जेवण तयार होईपर्यंत वेळ अगदी बरोबर जातो. रूपमती मंडप मात्र जेवणानंतर ठेवा. तो पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला आहे, जाऊन येईपर्यंत पानिये गार होतात. आणि गार झालेला मका दगड होतो, वरून कितीही तूप ओता. बांधून न्यायचा विचार तर करूच नका.

ताटात आलेला पानिया ताजा आहे की सकाळचा तव्यावर गरम केलेला, हे पाहूनच कळतं. ताज्यावर पानाच्या शिरा ठसठशीत उमटलेल्या असतात आणि कडा काळपट, कोरड्या असतात. त्या शिरांवरून बोट फिरवलं तर हाताला लागतात. शिरा पुसट आणि पृष्ठभागावर गुळगुळीत तपकिरी डाग असतील, तर तो तव्यावरचा. रविवारी गर्दीत असं घडतं. सरळ सांगा, बदलून देतात. मग मधोमध मोडून बघा. आतलं पीठ बोटाला चिकटलं तर कच्चं आहे, परत निखाऱ्यावर ठेवायला सांगा. पावसाळ्यात गोवऱ्या ओलसर राहिल्या तर पानियाला कडवट धुराचा वास येतो, त्याला मात्र इलाज नाही. भट्टीतून अजून दाट धूर येत असेल तर चानक्या टाकायची घाई करायला लावू नका.

डाळ सालाच्या उडदाची, थोडी तूर घातलेली, लसूण-आलं आणि हिंगाची. ती पातळसर आहे, आणि तशीच हवी: पानिया कुस्करला की डाळ आत मुरली पाहिजे. बाफल्याला, म्हणजे गव्हाच्या उकडून भाजलेल्या गोळ्याला, चालणारी दाट डाळ इथे वरच बसून राहते. त्याच निखाऱ्यांत भाजलेल्या वांग्याचं भरीत मिळालं तर नक्की घ्या, आणि हिरव्या मिरची-लसणाची चटणी जपून. मोठ्या माणसाला दोन पानिये पुरतात. तूप थाळीत धरलंय की वाढीव आकारतात, हे बसण्याआधीच विचारून घ्या.

उणं सांगायचं तर कढी फार आंबट, भात गोळे झालेला, पनीरची भाजी नुसतीच तेलकट. हात धुवायला बाहेर पिंप आहे, स्वच्छतागृहाची सोय अगदी कामचलाऊ. वयस्कर मंडळी सोबत असतील तर ती गरज आधी दुसरीकडे उरकून या. फोनने पैसे घेतात, पण नेटवर्क दगा देतं, रोख जवळ असू द्या.

इंदूरहून घाटाबिल्लोद, लेबड, धार करत मांडू शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर पडतं. त्यातले शेवटचे पस्तीस धारपासूनचे, वळणांचे. गावात शिरताना आलमगीर दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी जाते, तेव्हा रविवारी तिथेच खोळंबा होतो. सकाळी सातला निघालं तर दहाच्या सुमारास ऑर्डर देता येते. दुपारी तीननंतर भट्टी विझवतात आणि मग मिळतं ते तव्यावरचंच. पावसात धुकं उतरायला लागलं की वळणं दिसत नाहीत, त्यामुळे परतीला साडेचारच्या आत निघा.