हॉन्टिंग ॲडलाईन : घर भारी, हिरो नकोसा

टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद, पण बुकटॉकवाल्या, म्हणजे तिथे पुस्तकांवर बोलणाऱ्या मुलींचे व्हिडिओ रील्समधून येतातच, आणि वर्षभर हे एकच पुस्तक डोळ्यांपुढे नाचत होतं म्हणून शेवटी घेतलं. एच. डी. कार्लटनचं, २०२१ चं. फुटपाथवरून स्वस्तात उचललं, घरी येऊन कळलं की कॉपी पायरेटेड आहे आणि नेमकं ट्रिगर वॉर्निंगचं पानच गायब! मैत्रिणीच्या किंडलवर बघितलं तर लेखिकेने सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलंय, पाठलाग, बलात्कार, ह्यूमन ट्रॅफिकिंग, लहान मुलांवरचे अत्याचार. म्हणजे बाई प्रामाणिक, मीच चार पैसे वाचवायला गेले. ते पान वाचा मगच ठरवा, आणि अठराच्या आतल्यांनी हातच लावू नका.

गोष्टीची नायिका ॲडी, म्हणजे ॲडलाईन, स्वतः लेखिका आहे. आजी गेल्यावर सिएटलकडचं जुनं पार्सन्स मॅनर तिच्याकडे येतं, तिथे पणजीच्या, म्हणजे जिजीच्या डायऱ्या सापडतात. जिजीच्याही मागे एक माणूस लागलेला असतो, आणि तिचा खून झालेला. हा भाग इतका जमलाय ना, रात्री दीडला वाचत होते आणि किचनमधला फ्रिज खाडकन बंद झाला तर मी पाय वर घेऊन बसले.

आता झेड, म्हणजे आपला हिरो. हॅकर, ट्रॅफिकिंगवाल्यांना शोधून शोधून संपवतो, आणि ॲडीच्या घरात मात्र चोरून शिरतो, गुलाब ठेवून जातो, ती नाही नाही म्हणत असताना ऐकत नाही. बाहेर पोरींना सोडवतो म्हणून घरातलं सगळं माफ, असं काहीसं गणित आहे आणि मला ते अजिबात पटलं नाही. सरळ व्हिलन म्हणून लिहिला असता तर जास्त आवडला असता. बंदूक घेऊन तो ॲडीवर जबरदस्ती करतो तो फेमस सीन आला तेव्हा मी पुस्तक पालथं ठेवलं, सिंकमधली सगळी भांडी घासली आणि मग परत उघडलं. हो, उघडलं. तीन दिवसांत संपवलं, खोटं कशाला बोलू.

रील्समध्ये मुली म्हणतात असा कुणीतरी मागे लागायला हवा. अगं बाई, दहावीत क्लासवरून येताना दोन महिने एक सायकल माझ्या मागे असायची, मी रस्ता बदलला, शेवटी क्लासच बदलला, गुलाबबिलाब काही नव्हतं त्यात. तेव्हा तर पाठलागाचं वेगळं कलमही नव्हतं, ते आलं २०१३ ला.

प्रकरणं आलटून पालटून आहेत, तिची ‘द मॅनिप्युलेटर’, त्याची ‘द शॅडो’. त्याची मी नंतर नंतर भराभर चाळली, भाषणंच फार देतो.

पाचपैकी अडीच, त्यातले दोन जिजीचे. आणि गोष्ट अर्ध्यात तुटते हं, पुढचं ‘हंटिंग ॲडलाईन’मध्ये. तेही घेतलंय, यावेळी ओरिजिनल. वॉर्निंगचं पान वाचून झालंय, त्याच्या पुढे अजून गेलेले नाही.