अमिओडॅरोन की फ्लेकेनाइड?
ताई, बाबांच्या एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडणं) ही दोन औषधांची नावं सांगितलीत ना, तर फ्लेकेनाइड सोडियम चॅनल (हृदयाच्या पेशीत सोडियम आत शिरायची वाट) अडवतं, ठोक्याचा विजेचा सिग्नल सावकाश पसरतो, पण कधी फिब्रिलेशनचं फ्लटर (वरच्या कप्प्यांची वेगवान पण एकसारखी धडधड) होऊन ठोके उलट सुसाट पळतात म्हणून जोडीला बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करणारं औषध) देतात. अमिओडॅरोन मुख्यतः पोटॅशियम चॅनल अडवतं, पेशी पुढचा सिग्नल लगेच घेत नाही, फिब्रिलेशन चालू ठेवणाऱ्या, गोल फिरणाऱ्या विजेच्या लहरी तुटतात. ताकद ह्याचीच जास्त, पण 200 एमजीच्या गोळीत साधारण 75 एमजी आयोडीन, त्यामुळे थायरॉइड, लिव्हर, फुप्फुसं सतत तपासायची, आणि गोळी थांबवली तरी औषध कित्येक आठवडे अंगात राहतं. अटॅक येऊन गेलाय किंवा हृदयाचं पंपिंग कमी आहे तर फ्लेकेनाइड अजिबात नको, तिथे अमिओडॅरोन. हार्ट बाकी धडधाकट असेल तर आधी फ्लेकेनाइडचंच विचारा, इको (हृदयाची सोनोग्राफी) दाखवून.