येऊरच्या जंगलाकडेला साधा कॅमेरा ट्रॅप: बिबट्याला पुरतो, वाघाटीला कमी पडतो

कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोर काही उबदार हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. वाघाटी म्हणजे एक-दीड किलोचं निशाचर रानमांजर. बिबट्याच्या उंचीला बांधलेला कॅमेरा तिच्या डोक्यावरूनच बघतो. जमिनीपासून २० सेंमीवर, वाटेला तिरका लावा. समोरचं गवत कापाच, नाहीतर तापलेली पाती हलून नुसत्या गवताच्या फोटोंनी मेमरी कार्ड भरतं. खरी उणीव इन्फ्रारेड फ्लॅशची: जवळून तिचे ठिपके पांढरेफटक पडतात, आणि रात्रीचा फोटो कृष्णधवल असल्याने गंजकट रंगही कळत नाही. मग घरच्या मांजराच्या पिल्लाशी गल्लत ठरलेली. फ्लॅशच्या एलईडीवर ट्रेसिंग पेपर चिकटवा, कपाळावरचे पट्टे पाहा. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आत हवीच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय लावायचा नाही. कॅमेऱ्याला पाचपैकी तीन गुण.